‘चुका झाल्या’ म्हणे, पण केल्या कुणी? इंग्रजीतल्या मवाळ शब्दांची गोष्ट

२५ मे २०२०. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांनी पकडलेल्या एका माणसाचा मृत्यू झाला. त्यानंतर काही तासांतच पोलीस खात्याने पत्रक काढलं. त्याचा मथळा होता, ‘मॅन डाइज आफ्टर मेडिकल इन्सिडंट ड्यूरिंग पोलीस इंटरॅक्शन’. म्हणजे पोलिसांशी संपर्क आलेला असताना एका माणसाच्या प्रकृतीचं काहीतरी बिनसलं आणि त्यानंतर तो दगावला.

तो माणूस म्हणजे जॉर्ज फ्लॉइड. तिथून जाणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर सगळं चित्रित केलं होतं, म्हणून जगाला कळलं की डेरेक शॉव्हिन या पोलीस अधिकाऱ्याने फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला होता. ९ मिनिटं २९ सेकंद. एप्रिल २०२१ मध्ये शॉव्हिन खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि त्याच दिवशी ते जुनं पत्रक सोशल मीडियावर पुन्हा फिरू लागलं. पत्रकात मान नव्हती, गुडघा नव्हता.

मथळा परत वाचा. त्यातला माणूस खरा, मृत्यू खरा, पोलीसही खरे. फक्त कुणी काय केलं, तेवढंच गायब आहे.

व्हिडिओ नसता तर कदाचित हेच पत्रक बातमी म्हणून छापलं गेलं असतं आणि लोकांनी ते वाचून पुढे स्क्रोल केलं असतं. इंग्रजी शिकताना ‘फिगर्स ऑफ स्पीच’चा धडा आपण मार्कांपुरता घोकतो. उपमा, रूपक, अतिशयोक्ती वगैरे. पण याच कुटुंबातला एक सदस्य रोज आपल्या फोनवर येतो आणि ओळख न देता निघून जातो. त्याचं नाव युफेमिझम.

‘पॅसिव्ह व्हॉइस’चा यात दोष आहे का?

असे मथळे दिसले की इंग्रजीचे जाणकार पटकन म्हणतात, ‘बघा, पॅसिव्ह व्हॉइस वापरून लपवाछपवी केली.’ पण ‘मॅन डाइज’ हा पॅसिव्ह व्हॉइस नाहीच. वाक्य सरळ कर्तरी आहे. माणूस हा कर्ता, मरणे हे क्रियापद. युक्ती प्रयोगात नाही, क्रियापदाच्या निवडीत आहे. मारणाऱ्याची गरजच पडणार नाही असं अकर्मक क्रियापद निवडलं, की मारणारा आपोआप वाक्याबाहेर राहतो.

मराठी माणसाला हे समजायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. घरातल्या लहान पोराला विचारा, ग्लास कुणी फोडला? उत्तर येतं, ‘फुटला.’ आपल्याकडे अशा जोड्याच आहेत. फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे. मरणे आणि मारणे यांत तर फक्त एका कान्याचा फरक. तो काना काढला की आरोपी सुटला.

खरा पॅसिव्ह व्हॉइस पाहायचा असेल तर ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे वाक्य घ्या. अमेरिकी राजकारणात त्याला मोठी परंपरा आहे. इराणला गुपचूप शस्त्रं विकायची आणि तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवायचा, असं प्रकरण १९८६ मध्ये बाहेर आलं. त्यानंतर जानेवारी १९८७ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी गंभीर चुका झाल्याचं मान्य केलं. वाक्यात चुका होत्या, करणारे नव्हते. राजकीय विश्लेषक विल्यम श्नायडर यांनी या वाक्यरचनेला व्याकरणातला नवा काळ असल्यासारखं नाव दिलं, ‘पास्ट एक्झॉनरेटिव्ह’. मराठीत म्हणायचं तर दोषमुक्त भूतकाळ.

वॉटरगेटच्या काळातला नमुना तर याहून भारी आहे. १७ एप्रिल १९७३ रोजी व्हाइट हाऊसचे प्रवक्ते रॉन झिगलर यांनी पत्रकारांना सांगितलं, की आजचं निवेदन लागू आहे आणि आधीची सगळी ‘इनऑपरेटिव्ह’. म्हणजे आधी जे बोललो ते खोटं होतं असं नाही, ते आता चालू नाही. नळाला पाणी नसावं तसं.

मग सगळेच मवाळ शब्द वाईट?

तसं अजिबात नाही. हा शब्दच मुळात चांगल्या घरचा आहे. ग्रीक भाषेत ‘यू’ म्हणजे चांगलं आणि ‘फेमी’ म्हणजे बोलणं. सूड उगवणाऱ्या भयंकर देवतांना प्राचीन ग्रीक ‘युमेनिडीझ’ म्हणजे दयाळू म्हणायचे, त्या चिडू नयेत म्हणून. अस्वलासाठीचा इंग्रजी शब्द ‘बेअर’ घ्या. बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते त्याचा मूळ अर्थ नुसता ‘तपकिरी’ असा आहे. रशियन लोक त्याला ‘मेदवेद’ म्हणतात, मूळ अर्थ मध खाणारा. खरं नाव घेतलं तर प्राणी समोर उभा राहील ही भीती. आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तेच हे.

बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर आजी ओरडते, ‘येतो म्हण.’ आपल्या व्याकरणात तर यासाठी स्वतंत्र अलंकार आहे, पर्यायोक्ती. सांगायचं ते सरळ न सांगता आडवळणाने सांगायचं. तुरुंगात गेलेला माणूस ‘सरकारी पाहुणचार’ घेत असतो, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं.

तेव्हा शब्द मवाळ आहे का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. मवाळपणा कुणाच्या सोयीचा आहे, हे बघावं लागतं. ज्याचं माणूस गेलं त्याच्यासमोर ‘मेला’ न म्हणता ‘गेला’ म्हणणं ही माणुसकी. ज्याने मारलं त्यानेच ‘गेला’ म्हणणं ही वेगळी गोष्ट.

एक शब्द, शंभर वर्षं

पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली राहिलेले सैनिक थरथरायचे, बोलणं विसरायचे. त्याला ‘शेल शॉक’ म्हणू लागले. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने हा शब्द टाळायला सांगितलं आणि कागदावर ‘नॉट यट डायग्नोज्ड, नर्व्हस’ असं लिहायला लावलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचं ‘कॉम्बॅट फटीग’ झालं, म्हणजे नुसता थकवा. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे नाव आलं.

विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांनी १९९० च्या सुमारास याच साखळीवर एक गाजलेला प्रवेश केला होता. आजही त्याच्या क्लिप फिरतात. त्यांचं म्हणणं, प्रत्येक पायरीवर शब्द लांब होत गेला आणि वेदना आत गाडली गेली. टाळ्या घेणारा मुद्दा आहे, पण शेवटच्या पायरीवर तो घसरतो. १९८० चं ते कोरडं, लांबलचक नाव यावं म्हणून खुद्द व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी पाठपुरावा केला होता. निदान पुस्तिकेत नाव आलं, म्हणजे आजार अधिकृत झाला आणि उपचार मागायला आधार मिळाला. ‘नॉट यट डायग्नोज्ड’ने लष्कराची सोय झाली, पीटीएसडीने सैनिकाची. कानाला दोन्ही सारखेच रुक्ष.

काही वेळा तर हेतू कितीही चांगला असला तरी शब्द टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी १९१० मध्ये ‘मोरॉन’ हा शब्द तयार केला तो शिवी म्हणून नव्हे, वैद्यकीय वर्गीकरणासाठी. ‘इडियट’ आणि ‘इंबेसाइल’ हेही तेव्हा डॉक्टरांचेच शब्द होते. तिन्हींच्या शिव्या झाल्या. मग ‘मेंटली रिटार्डेड’ हा सभ्य शब्द आला, त्याचीही शिवी झाली. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेने ‘रोझाज लॉ’ नावाचा कायदा करून केंद्रीय कायद्यांत त्याजागी ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ आणलं. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी या चक्राला ‘युफेमिझम ट्रेडमिल’ म्हटलं होतं. चालत राहायचं, पोहोचायचं कुठेच नाही. अपंग, विकलांग आणि २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवलेला ‘दिव्यांग’ हा प्रवास आठवला की ट्रेडमिल लगेच डोळ्यासमोर येते. रॅम्प नसलेल्या इमारतीच्या पायऱ्या मात्र तिन्ही शब्दांना तेवढ्याच उंच.

युद्धाची भाषा

हे सगळं खणखणीतपणे मांडलं जॉर्ज ऑर्वेल यांनी. जन्म १९०३, बिहारमधल्या मोतिहारीचा. तरुणपणी बर्मात ब्रिटिशांच्या पोलीस खात्यात नोकरी. म्हणजे साम्राज्याची कागदी भाषा त्यांनी आतून पाहिलेली होती. एप्रिल १९४६ मध्ये ‘होरायझन’ या मासिकात त्यांचा ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा निबंध आला. नि:शस्त्र खेड्यांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला ‘पॅसिफिकेशन’ म्हणजे शांतता प्रस्थापित करणं म्हणायचं, हे उदाहरण त्यांनी त्यात दिलं. त्यांचा मुद्दा असा की जे उघडपणे समर्थनीय नाही, त्याचं समर्थन करायचं तर डोळ्यासमोर चित्रच उभं राहणार नाही असे शब्द लागतात.

चारच वर्षांनी, जून १९५० मध्ये, कोरियात सैन्य उतरवताना राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना एका पत्रकाराने विचारलं, याला संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणायचं का? ते हो म्हणाले. या ‘पोलीस कारवाई’त ३६ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक गेले. कोरियन माणसांची मोजदाद लाखांत. अमेरिकेच्या ‘वॉर डिपार्टमेंट’चं नावही याच सुमारास बदललं, १९४९ पासून ते ‘डिफेन्स’ झालं. (सप्टेंबर २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून ‘वॉर’ हे दुय्यम नाव म्हणून परत आणलं. हेतू काही असो, पाटी तरी रोखठोक झाली.)

या शब्दकोशातला सर्वात कुप्रसिद्ध शब्द म्हणजे ‘कोलॅटरल डॅमेज’. आनुषंगिक नुकसान. हल्ल्यात मेलेल्या सामान्य माणसांसाठी लष्कराने वापरलेला हा शब्द १९९१ च्या आखाती युद्धात टीव्हीवरून घराघरात गेला. जर्मनीत दरवर्षी सर्वात आक्षेपार्ह शब्द निवडतात, १९९९ साली त्यांनी याच शब्दाचं जर्मन रूप निवडलं.

पण त्या शब्दात काय भरलंय हे एका माणसाने फार भयानक रीतीने दाखवलं. टिमोथी मॅकव्हे. आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक. १९ एप्रिल १९९५ रोजी त्याने ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत ट्रकबॉम्बने उडवली. १६८ माणसं मेली, त्यात १९ मुलं, बरीचशी त्याच इमारतीतल्या पाळणाघरातली. पुढे दोन पत्रकारांशी बोलताना मॅकव्हेने मुलांच्या मृत्यूसाठी ‘कोलॅटरल डॅमेज’ हेच शब्द वापरले. अमेरिका हादरली. हेच शब्द आखाती युद्धाच्या वेळी टीव्हीवर ऐकताना तितकं कुणी हादरलं नव्हतं.

‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन’चंही तेच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सीआयएने कैद्यांवर वापरलेल्या पद्धतींना हे नाव होतं, ‘वर्धित चौकशी’. त्यात वॉटरबोर्डिंग होतं, म्हणजे तोंडावर कापड टाकून वर पाणी ओतायचं, बुडून मरतोय असं वाटेपर्यंत. अमेरिकेतली अनेक मोठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘कठोर पद्धती’ वगैरे लिहीत राहिली. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांनी जाहीर केलं, की आता ‘टॉर्चर’ लिहू. शब्दाला जागेवर यायला दहा वर्षांहून जास्त लागली.

शब्द टाळला की जबाबदारी टळते

इथपर्यंत कुणाला वाटेल, ठीक आहे, शब्दांचाच खेळ आहे. पण काही शब्दांच्या मागे कायदा उभा असतो. तो शब्द तोंडातून बाहेर पडला की काहीतरी करावं लागतं.

एप्रिल ते जुलै १९९४. रवांडात सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं कापली गेली, बहुतेक तुत्सी समाजातली. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार रोखणं हे सह्या करणाऱ्या देशांचं कर्तव्य आहे. अमेरिकेला त्यात पडायचं नव्हतं. १० जून रोजी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या क्रिस्टीन शेली यांनी शब्द जपून वापरले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ जेनोसाइड’ घडली आहेत, म्हणजे वंशसंहाराची कृत्यं झाली आहेत. ‘वंशसंहार’ झाला आहे, असं मात्र नाही. रॉयटर्सचे पत्रकार अ‍ॅलन एल्सनर यांनी तिथेच विचारलं, अशी किती कृत्यं मिळून एक वंशसंहार होतो? त्या म्हणाल्या, या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या स्थितीत मी नाही.

महाराष्ट्रालाही याचा एक धागा जोडलेला आहे, आणि तोही इंग्रजी कायद्याच्या भाषेतला. ब्रिटिश काळात ‘फॅमिन कोड’ तयार झाले. दुष्काळ जाहीर झाला की सरकारने कामं काढायची, मदत द्यायची, असा त्यांचा सांगाडा. म्हणजे ‘फॅमिन’ हा नुसता शब्द नव्हता, ती घंटा होती. १९६३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने चक्क एक कायदा केला, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळण्याचा. त्याजागी आलं ‘स्कॅर्सिटी’, मराठीत टंचाई. युक्तिवाद असा, की आता सरकार पीकपाण्यावर सतत लक्ष ठेवतं आणि वेळीच मदत करतं, तेव्हा ‘फॅमिन’ची वेळ येणारच नाही.

नऊ वर्षांनी १९७२ उजाडलं. इथे निष्पक्ष राहायला हवं. शब्द काढला होता तरी कामं निघाली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत, बंधारे आणि रस्ते बांधत होते. म्हणजे शब्द बदलला की सरकार हात झटकतंच असं नाही, त्यासाठी दबाव टाकणारे लोक, पक्ष आणि वर्तमानपत्रं लागतात. ती रवांडासाठी वॉशिंग्टनमध्ये नव्हती. पण एक गंमत बघा. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, सुकडी आणि मिलोच्या आठवणींसकट, आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च आहे. ‘बहात्तरची टंचाई’ कुणीच म्हणत नाही. वीज गेल्यावर ‘भारनियमन झालं’ असंही घरात कुणी म्हणत नाही, ‘लाइट गेली’ म्हणतात.

कंपन्या, रॉकेट आणि नारळ

नोकरीतून काढण्यासाठी इंग्रजीत एवढे शब्द आहेत की त्यांचाच विभाग काढता येईल. ‘डाउनसायझिंग’ हा त्यातला जुना. १९७० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी गाड्यांचा आकार लहान करायला घेतला तेव्हाचा हा शब्द, नंतर तो माणसांवर आला. पुढे ‘राइटसायझिंग’, ‘रीस्ट्रक्चरिंग’. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलप यांनी कर्मचाऱ्यांना ‘हॅलो देअर’ म्हणत लांबलचक ईमेल पाठवला. उत्पादनं, धोरण, भविष्य असं सगळं वाचून झाल्यावर बऱ्याच खाली कळायचं, की साधारण १२,५०० जणांच्या नोकऱ्या जाणार आहेत. त्यापेक्षा मराठी बरी. नारळ दिला म्हटलं की नारळ घेणाऱ्यालाही कळतं आणि देणारा कोण हेही दिसतं.

थोडं हलकंफुलकंही. २० एप्रिल २०२३ रोजी स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट उड्डाणानंतर चारेक मिनिटांत आकाशात फुटलं. कंपनीने त्याला म्हटलं ‘रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेम्ब्ली’. झटपट झालेली, वेळापत्रकात नसलेली सुटे भाग होण्याची क्रिया. हा अभियंत्यांचा जुना विनोद आहे, रॉकेट मानवरहित होतं आणि स्फोट सगळ्या जगाने लाइव्ह पाहिला होता. लपवायला काही नव्हतंच. म्हणून हसू येतं.

हेच उलट्या दिशेनेही चालतं

शब्द मवाळ करता येतो तसा मुद्दाम बोचराही करता येतो. अमेरिकेत श्रीमंतांच्या वारशावर ‘इस्टेट टॅक्स’ लागतो. त्याला विरोध करणाऱ्यांनी ‘डेथ टॅक्स’ म्हणायला सुरुवात केली. मरणावर कर! कर तोच, पण ज्याच्याकडे इस्टेट नाही त्यालाही धसका बसला. हा शब्द रुजवण्यात रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांचा मोठा वाटा होता. आणि याच लुंट्झ यांनी २००२ च्या सुमारास एका टिपणात सल्ला दिला होता, की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ ऐवजी ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी घाबरवणारं वाटतं. ‘क्लायमेट चेंज’ हा शास्त्रज्ञांचा आधीपासूनचाच शब्द होता, त्यांनी फक्त त्याचा सौम्यपणा हेरला. मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या गार्डियनने आपल्या लेखनशैलीत बदल करून ‘क्लायमेट क्रायसिस’ आणि ‘ग्लोबल हीटिंग’ला पसंती दिली. हाही निवडलेलाच शब्द, फक्त तापवणारा.

फोनवर ओळखायचं कसं?

एक सोपा उपाय मराठी वाचकाच्या हातात आहे. इंग्रजी मथळा आला की तो पेपरी मराठीत नाही, घरच्या मराठीत सांगून बघायचा. शेजारच्या काकूंना सांगताय असं समजून. ‘ऑफिसर इन्व्हॉल्व्ड शूटिंग’ हे कागदावर ‘अधिकारी-संबंधित गोळीबार’ होतं आणि बिनबोभाट निघून जातं. काकू मात्र लगेच विचारतील, ‘म्हणजे पोलिसाने गोळी घातली की पोलिसाला लागली?’ इंग्रजी मथळ्यातून ते कळतच नाही. बरोबर याच कारणाने ऑगस्ट २०२० मध्ये एपी या वृत्तसंस्थेने पत्रकारांना हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं. पोलिसाने गोळी झाडली असेल, तर ‘पोलिसाने गोळी झाडली’ असंच लिहा.

अर्थात प्रत्येक वेळी कर्ता लपवलेलाच असतो असं नाही. घटना ताजी असते, बॉम्ब कुणी टाकला हे खरंच माहीत नसतं, तेव्हा ‘स्फोटात दहा ठार’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं असतं. तिथे घाईने कर्ता चिकटवला तर अफवा तयार होते. म्हणून पहिल्या तासाचा मथळा आणि तिसऱ्या दिवसाचा मथळा शेजारी ठेवून बघावा. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं माहीत झालेलं असतं. तरीही ‘स्फोटात दहा ठार’च लिहिलेलं दिसलं, तर स्क्रीनशॉट काढून ठेवायला हरकत नाही.